दूध तुटेपर्यंत

"कितली मोठी व्हयनी वं माय तू?"

पोरगी दिसली की बेलीफआबांचा पहिला प्रश्न हा. पोरगा असला तर, "कितला मोठा व्हयना रे भो?" पोर ओळखीचंच पाहिजे असं काही नव्हतं. रस्त्यावरचं, कोर्टाच्या आवारातलं, देवळाच्या पायरीवरचं, कुणाच्याही कडेवरून उतरलेलं चाले. प्रश्न विचारला की आबा कमरेत वाकायचे, उजवा पंजा आडवा करायचे आणि पोराच्या डोक्याच्या बोटभर वर अधांतरी धरायचे. पोर टाचा उचलायचं, मान ताणायचं, डोकं पंज्याला लागायचं. लागलं रे लागलं की आबा इंगळी डसल्यासारखा हात वर घ्यायचे. "ओ माय वं! भलतीच मोठी व्हयनी!" मग कोटाच्या खिशातून गोडीशेवेचा तुकडा निघायचा. गोडीशेव म्हणजे आमच्याकडची गुळात घोळलेली शेव. आबांच्या खिशात तिला तंबाखूचा वास लागायचा. धुळ्यातल्या निम्म्या पोरांना पुढे तंबाखूचं व्यसन जडलं ते या शेवेमुळे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. उरलेल्या निम्म्यांना जडलं नाही, कारण त्यांनी ती धुऊन खाल्ली.

तुम्ही म्हणाल, बेलीफ आणि इतका लाघवी? तुमचं बरोबर आहे. बेलीफ दारात आला की गावातली कुत्रीसुद्धा घरात शिरतात. जज्जसाहेब खुर्चीत बसून निकाल देतात. तो निकाल उन्हातान्हात पायी नेऊन माणसाच्या उंबरठ्यावर उभा करायचा, ते काम बेलीफाचं. समन्स लावा, जप्ती करा, शेताचा ताबा द्या. मी तेव्हा धुळ्याच्या कोर्टात नाझरच्या, म्हणजे बेलीफांवरच्या अंमलदाराच्या, कचेरीत कारकून. बेलीफांना वॉरंटं वाटायची आणि ते परत आले की काय झालं ते दाखल करून घ्यायचं, यात माझी हयात गेली. म्हणून आबांना माझ्याइतकं ओळखणारा माणूस खानदेशात दुसरा नाही. त्यांची बायको सोडून. आणि तिलाही काही गोष्टी मीच सांगितल्या.

आबांचा देह असा की दाराच्या चौकटी त्यांना पाहून आपणहून वर सरकत. मिशा अशा की उन्हाळ्यात त्यांच्या सावलीला चिमण्या बसत. छातीवर आडवा पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. तो ते रोज राखेने घासत. आवाजाचं काय सांगू? आबा शिरपुरात दवंडी देऊ लागले तर तापीच्या या काठाला दोंडाईच्यातली गुरं कान टवकारत. एकदा लळिंगच्या घाटात वाघ आडवा आला. आबांनी बिल्ला पुढे केला आणि विचारलं, "नाव काय? बापाचं नाव काय? राहणार कुठला?" वाघाने मान खाली घातली. सरकारी माणसाने बापाचं नाव विचारलं की भल्याभल्यांची मान खाली जाते, तो तर बिचारा जंगलातला. जाताना त्याने समन्सच्या पाठीवर पंजा उठवला, असं आबा सांगत. तो कागद माझ्याकडे दाखल आहे. फक्त पाहायला मागू नका.

ताबा देण्याची मात्र त्यांची रीत होती, आणि त्यात थट्टा नव्हती. शेताचा ताबा असला की आबा बांधावर उभे राहत, वाकून ढेकूळ उचलत आणि ज्याचा निकाल झाला त्याच्या ओंजळीत ठेवत. विहिरीचा असला तर तिच्यातलं तांब्याभर पाणी. बैलाचा असला तर कासरा. घराचा असला तर कडी. मग छाती फुगवून ओरडत, "ताबा दिला! ताबा घेतला! कुणाची हरकत?" पुढे क्षणभर थांबत. कुणी काही बोलत नसे. एकतर आबांच्या मिशा, दुसरं म्हणजे बोलून काय उपयोग, निकाल तर झालेला.

पण मुलाचा ताबा द्यायचा असला की पक्षकाराच्या हातात काय द्यायचं, हे कुठल्याच नियमात नव्हतं. आबांनी आपल्या मनाने रीत पाडली. ते पोराचा हात घेत आणि पंजा न देता एकच बोट त्या माणसाच्या मुठीत देत. मी एकदा विचारलं, "आबा, बोटच का?"

"भाऊ, हात दिधा तं वढतस," आबा म्हणाले. "बोट दिधं तं धरतस."

म्हणजे हात दिला की लोक ओढतात, बोट दिलं की धरतात. असा हा माणूस. आता त्या मुलीची गोष्ट सांगतो. ती सांगताना मी काही वाढवणार नाही. वाढवायला तिच्यात जागाच नाही.

शिरपूरकडची एक बाई होती. यावलकडच्या केळीबागा असलेल्या घरात दिली होती. नवराबायकोचं जमलं नाही. कारण विचाराल तर कागदावर तीन पानं होती, आणि खरं तर एवढंच होतं की जमलं नाही. दोन्हीकडची माणसं बसली, जातीच्या पंचांनी रिवाजाप्रमाणे काडी मोडली, एक तुकडा इकडे फेकला, एक तिकडे. फारकत झाली. काडीचे तुकडे सोपे असतात. बाईच्या मांडीवर अंगावर पिणारी मुलगी होती, तिचं काय करायचं हे पंचांना सुचेना. प्रकरण धुळ्याच्या कोर्टात आलं.

कोर्टात दोन्ही वकिलांनी तडजोड केली. एका वकिलाचा मुनशी मोठा झटपट लिहिणारा. त्याने दुपारच्या चहाआधी तडजोडपत्र लिहून मोकळं केलं. त्यातलं कलम मला आजही पाठ आहे: 'सदर मुलगी अंगावरचे दूध तुटेपर्यंत आईचे ताब्यात राहील. दूध तुटल्यानंतर बापाने ताबा घ्यावा. त्यानंतर आईने सदर मुलीवर कोणताही हक्क सांगू नये, व बापाचे गावचे शिवारात पाऊल ठेवू नये.' पहिलं वाक्य कुठून आलं होतं, तेही मला ठाऊक आहे. बैलबाजारातून. गाय विकायची पण वासरू ठेवायचं असलं की सौदापत्रात हेच वाक्य घालतात, वासरू दूध तुटेपर्यंत गाईजवळ राहील म्हणून. मुनशीने वासराच्या जागी मुलगी घातली. वर्ष, वय, काही नाही. लिहायची गरजच कुणाला वाटली नाही. किती दिवस पिणार पोर?

साहेबांपुढे तडजोड वाचून दाखवली. बाई पदर दाताखाली धरून ऐकत होती. वाचन संपलं तेव्हा तिने तिच्या वकिलाला एकच विचारलं, "आनि दूध तुटनंच नही ते?"

आणि दूध तुटलंच नाही तर? वकील हसले. "बाई, निसर्गाचा नियम आहे. तुटतंच." बाईने अंगठा उठवला.

वर्ष गेलं. बापाने दरखास्त दिली की आता दूध तुटलं असणार, ताबा मिळावा. वॉरंट निघालं, मी ते आबांना दिलं. आबा गेले, आले. अहवाल लिहिला: 'दूध चालू आहे. ताबा देण्याजोगी स्थिती नाही.' पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. बाप आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास दरखास्त द्यायचा, कारण तेव्हा शेतीची कामं जरा उरकलेली असतात. त्यामुळे आबांची ती फेरी दर वर्षी आखाजीला ठरलेली. त्या दिवसांत आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात. आबा जाताना गोडीशेव जास्त घ्यायचे. तिथे झोक्यावर बठ्ठी, म्हणजे सगळी पोरं एकदम भेटतात, असं कारण सांगत.

मुलगी मोठी होत गेली, आणि कोर्टात कुजबूज सुरू झाली. बापाचे वकील म्हणाले, पोरगी आता म्हशीमागे धावते, चिंचा पाडते, आणि हिचं अजून दूध चालू? आबा गंभीरपणे म्हणाले, "पंचांसमक्ष पाहिलं आहे."

आता पंचांनी काय पाहिलं, ते ऐका. आबा बिल्ला चमकवत अंगणात आले की बाई पोरीला हाक मारायची, मांडीवर आडवी घ्यायची आणि वरून पदर ओढायची. बाई पदराआड लेकराला घेते म्हटल्यावर खानदेशातला कुठला पुरुष तिकडे पाहील? पोलीसपाटील आणि दुसरे पंच ताबडतोब भिंतीकडे तोंड करून बसायचे. आबाही पाठ फिरवायचे. भिंतीकडे तोंड करून पंचनामा व्हायचा, भिंतीकडे तोंड करून अंगठे उठायचे. म्हणजे जे पाहिलं म्हणून सगळ्यांनी लिहून दिलं, ते पाहायचं नाही ही तर त्यांची मर्यादा. त्या बाईचं लेकरू या मर्यादेच्या आडोशाला वाढत होतं. यात कुणी कुणाला काही शिकवलं नव्हतं, कुणी काही बोललंही नव्हतं. आबांना सारं कळत होतं की नव्हतं, हे मी एकदा त्यांना विचारलं. ते बिल्ला घासत होते.

"भाऊ," ते म्हणाले, "भितडावर मी जे पाह्यं, ते मी लिखं."

भिंतीवर जे पाहिलं ते लिहिलं.

शेवटी बापाने तक्रार केली की बेलीफ हयगय करतो, कोणी जबाबदार माणूस बरोबर पाठवावा. नाझरसाहेबांनी खोलीभर नजर फिरवली. जबाबदार माणूस कोणी दिसेना, म्हणून मला पाठवलं. बैलगाडी, तापीवरची नाव, पुन्हा बैलगाडी. आबांनी वाटेत मला त्या वाघाची गोष्ट पुन्हा सांगितली. या खेपेस वाघ दोन होते.

आम्ही पोचलो तेव्हा आखाजी होऊन गेली होती, पण निंबाचा झोका सोडलेला नव्हता. झोक्यावर एक पोरगी उभ्याने झोके घेत होती, पाय पार फांदीला लावत होती. आबांना पाहून ती हसली. तिच्या लेखी हा दर वर्षी गोडीशेव आणणारा माणूस होता. अंगणाच्या कडेला तिचा बाप उभा होता. मी राक्षस पाहायच्या तयारीने गेलो होतो. पाहिला तो एक खाली मान घातलेला माणूस, डोक्याला फेटा, हातात केळ्यांची मोठी फणी. ती कुठे ठेवावी ते त्याला कळत नव्हतं.

"साहेब, माही पोर हाये," तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला. "मी काई कसाई नाही. तिचं दूध तोडाले नाही आलो मी. तिले पाहाले आलो."

घरातून हाक आली. झोका थांबला, मुलगी धावत ओट्यावर गेली. बाईने तिला मांडीवर घेतलं, पदर ओढला. पोरगी कुठली मावते? गुडघ्यापासूनचे पाय पदराबाहेर लोंबत होते, धुळीने भरलेले, एका पायात काळा दोरा. पंच भिंतीकडे वळले. आबा वळले. मीही वळलो. बापसुद्धा वळला, हे मला सांगितलं पाहिजे. एवढ्या अंगणात त्या वेळी भिंत ही एकच गोष्ट पाहण्यासारखी होती. आबांनी पेन्सिल जिभेवर ओली केली आणि लिहिलं, 'दूध चालू आहे.' पाटलांनी सही केली. दुसऱ्या पंचाने अंगठा उठवला. मी खाली माझी सही केली, आणि ती मी इतक्या झोकात केली की तशी मला पुन्हा कधी साधली नाही.

झालं. आम्ही वळलो. बापाने केळ्यांची फणी ओट्याच्या कडेला ठेवली आणि तो जायला निघाला. भांडला नाही, काही नाही. मुलगी पदरातून बाहेर आली, केस मागे सारत, तोंड पुसत. ती आबांपुढे येऊन उभी राहिली. काम निभावलं म्हणून आबांच्या जिवावरचं ओझं उतरलं होतं. मिशांत हसू आलं होतं. आणि मग जे व्हायचं ते झालं. ते त्यांनी केलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कमरेने केलं, त्यांच्या हाताने केलं, इतक्या वर्षांच्या सवयीने केलं. आबा वाकले, पंजा आडवा धरला.

"कितली मोठी व्हयनी वं माय तू?"

पोरीने टाचा उचलल्या. डोकं पंज्याला लागलं.

"इतली!" ती ओरडली. "मी मोठी व्हई गऊ. मी आते दूध पेत नही. तू उना म्हंजे माय नुसती पदरमा लेस!"

मी मोठी झाले. मी आता दूध पीत नाही. तू आलास की आई नुसती पदरात घेते.

केवढ्या ऐटीत सांगितलं तिने! गावातली पोरं तिला चिडवत असणार, एवढी घोडी झाली तरी आईचं दूध पिते म्हणून. आज मोठ्या माणसांपुढे तिने हिशेब चुकता केला होता. ती आबांच्या खिशाकडे पाहत उभी राहिली, बक्षिसासाठी.

आबांचा पंजा वर गेला नाही. होता तिथेच राहिला.

पहिला मी बोललो. "काय म्हणाली ती? मला काही ऐकू आलं नाही. माझा उजवा कान लहानपणी विहिरीत पडलो तेव्हापासून बंद आहे, आणि डावा आज सकाळपासून." मी जन्मात इतकी गरजेची थाप मारली नसेल आणि इतकी वाईट मारली नसेल. कुणी हसलं नाही. बाप अंगणाच्या टोकाशी थांबला होता. त्याने ऐकलं होतं.

पाटील खाली पाहत म्हणाले, "बठ्ठास्नी आयकं, आबा. आते काय करशात?"

सगळ्यांनी ऐकलं. भिंतीकडे तोंड फिरवता येतं, कानाला तशी सोय नाही. आबांनी कागद पुन्हा उघडला. 'दूध चालू आहे' यावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'मुलीने पंचांसमक्ष सांगितले की दूध तुटले.' त्यांचं अक्षर मी ओळखतो. बैलजोडी गेल्यासारखं सरळ जाणारं. ती ओळ मात्र खाली खाली उतरत गेली.

बाई ओट्यावरच बसलेली. ती रडली नाही. आबांना शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "थांबा. मी तिनी येनी घाली देस."

मग तिने मुलीला पुढ्यात बसवलं आणि वेणी घातली. घातली, सोडली, पुन्हा घातली. मुलगी कुरकुरली, "माय, वढू नको ना." बाप उन्हात उभा होता. कुणी त्याला सावलीला ये म्हटलं नाही आणि तोही आला नाही. वेणी पुन्हा सुटली, पुन्हा घातली गेली. आमच्यापैकी कुणालाच घाई नव्हती.

शेवटी आबांनी मुलीचं बोट धरलं आणि बापाच्या मुठीत दिलं.

"ताबा दिला," आबा म्हणाले. शिरपुरातून दोंडाईच्यातली गुरं उठवणारा तो आवाज अंगणाच्या कुडाबाहेर गेला नसेल. "ताबा घेतला. कुणाची हरकत?"

आणि सवयीने थांबले.

"मन्ही शे," बाई म्हणाली.

इतक्या वर्षांत या प्रश्नाला आलेलं हे पहिलं उत्तर. आबा माझ्याकडे पाहू लागले. मी पाटलांकडे. ताब्याच्या कागदात हरकत लिहायला जागा नसते. तो प्रश्न नुसता विचारायचा असतो. आबांनी कागदाच्या मार्जिनला उभ्या ओळीत लिहिलं, 'आईची हरकत आहे.' पुढे तो कागद साहेबांपुढे गेला. साहेबांनी त्या ओळीवर लाल शाईने रेघ मारली. त्यांचंही बरोबर होतं. तडजोड झालेली.

मुलगी हसतच गेली. बापाच्या दमणीला रंगीत झुली घातलेले बैल होते, तिला पुढे बसायला मिळालं, हातात सोललेलं केळं होतं. वळणावर तिने हात हलवला. आईला हलवला की झोक्याला, ते सांगता येत नाही.

परतीच्या वाटेवर आबांनी वाघाची गोष्ट सांगितली नाही. मीच सांगायला घेतली, पण माझ्याच्याने तो वाघ घाटापर्यंतसुद्धा चालेना. त्यानंतर आबांनी कुठल्याही पोराला तो प्रश्न विचारला नाही. धुळ्यातली पोरं समोर येऊन टाचा वर करून उभी राहत. आबा दोन्ही हात पाठीमागे बांधून गोडीशेव काढायला मला सांगत. "भाऊ, मन्हा खिसामा शे. दे त्याले." हा माणूस बिल्ला लावून रस्त्याने चालायचा तो चोराला धरून नेल्यासारखा, हात पाठीशी.

पुढची आखाजी आली. दुपारी कोर्टाच्या आवारात निंबाखाली ती बाई येऊन बसलेली दिसली. मी आबांना म्हटलं, मागच्या दाराने जा. ते गेले नाहीत. सरळ तिच्यापुढे जाऊन उभे राहिले, फटके खायला उभं राहावं तसे. बाईने वर पाहिलं.

"आबा, मन्ही पोर आते कितली मोठी व्हयनी व्हई?"

त्या गावच्या शिवारात तिला पाऊल ठेवायची बंदी. तिचे भाऊ एवढ्यासाठी इतक्या लांब जाणार नाहीत. मुलगी केवढी झाली असेल, हे जगात कुणाला विचारायचं? ज्याने मोजली त्याला.

आबांनी पाठीमागचा हात सोडला. आडवा केला. थोडा खाली घेतला, थोडा वर. अंदाजाने थांबवला. बाई त्या पंज्याखालच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. मग पदर सावरून उठली आणि तापीच्या वाटेला लागली.

"अंदाज लिखनं बरं नही, भाऊ," आबा संध्याकाळी मला म्हणाले. "पंचनामामा अंदाज चालत नही."

पुढच्या वर्षी आखाजीच्या आधी त्यांनी रजा टाकली. रेल्वेने जळगावला गेले, तिथून कुणाच्या टांग्याने, कुणाच्या गाडीने यावलकडे. बिल्ला काढून घरी ठेवला, अंगावर नुसता पट्टा. सरकारी कामाशिवाय आबांनी केलेला हा आयुष्यातला पहिला प्रवास. बापाने त्यांना केळीच्या बागेच्या तोंडाशी उभं पाहिलं, ओळखलं, आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. एवढंच म्हणाला, "पाह्यजा. तिले काई सांगू नका." मुलगी आली. तिनेही ओळखलं. धावत येऊन समोर उभी राहिली आणि टाचा वर केल्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मन्हा हात मांगे व्हतात." आबा म्हणाले. "तिन्ही वाट पाही, भाऊ. उभीच राहिनी. मग टाचा खाले लिध्या."

हात पाठीमागे धरून त्यांनी नुसत्या डोळ्यांनी माप घेतलं. तिचं डोकं आपल्या पट्ट्याच्या कुठल्या टाक्याला लागतं, तेवढं मनात ठेवलं आणि ते माप, पाणी भरलेली घागर आणावी तसं न सांडता धुळ्याला आणलं. आखाजीला बाई निंबाखाली आली. आबांनी हात धरला. या वेळी तो हलला नाही.

असं चाललं. दर वर्षी रजा, दर वर्षी जळगावची गाडी, दर वर्षी निंबाखाली तो हात. पट्ट्याच्या बक्कलापासून तो वर सरकत गेला, बिल्ल्याच्या जागेपर्यंत आला. कोर्टातले नवे वकील विचारत, ही बाई कोण आणि हा बेलीफ तिला हवेत काय दाखवतो? मी सांगायचो, कापसाचं पीक किती उंच आलं ते दाखवतो. ते मान डोलावून जायचे. दोघांत बोलणं म्हणाल तर होत नसे. ती विचारायची, ते दाखवायचे. एकदा मात्र बाईने हात पुढे केला आणि त्या पंज्याखालची हवा वरून खाली चाचपली, डोकं, खांदा, पाठ. आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. जवळपास भिंत नव्हती. तरी फिरवलं.

एका पावसाळ्यात आबांना ताप आला. आठवडाभरही त्यांनी अंथरूण धरलं नाही, आणि गेले. पट्टा आणि बिल्ला नियमाप्रमाणे माझ्याकडे जमा झाला. त्यांच्या बायकोने तो राखेने घासूनच पाठवला होता. मी बिल्ला हातात घेऊन पाहिला, पण माणूस नसेल तर बिल्ला जमिनीपासून किती उंच असतो, हे कुणाला सांगता येईल? माप आबांच्या अंगात होतं. ते त्यांच्याबरोबर गेलं.

आखाजी आली. मी सकाळपासून खिडकीतून निंबाकडे पाहत होतो. बाई आली. तिला कुणी कळवलेलं नव्हतं. मी बाहेर गेलो.

"आबा?" तिने विचारलं.

"आबा गेले, अक्का."

तिने पदराने निंबाखालची पानं बाजूला केली आणि बसली. मी उभाच राहिलो. मी खानदेशातला नावाजलेला थापाड्या माणूस. पूर आला तर तो मी घाटाच्या वर नेतो, मासा पकडला तर तो मगर होतो. मला त्या वेळी एक शब्द सुचेना.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमले माहीत शे का? ती कितली मोठी व्हयनी व्हई?"

मला माहीत नव्हतं. मी त्या मुलीला वळणावर हात हलवताना पाहिलं होतं, त्यानंतर नाही. मी हात आडवा केला. आबांच्या बिल्ल्याच्या जागी नेला. मग वाटलं, वर्ष गेलंय, थोडा वर घेऊ. मग वाटलं, पोरी या वयात एकदम वाढतात, आणखी वर घेऊ. हात माझ्या खांद्याशी आला. तिथेच मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

बाई त्या रिकाम्या जागेकडे पाहत होती. मग ती उठली, दोन पावलं पुढे आली आणि माझ्या हाताखाली येऊन उभी राहिली. टाचा वर केल्या नाहीत, मान ताणली नाही. तिचा पदर माझ्या पंज्याला लागला.

"मन्हाइतली व्हयनी," ती म्हणाली.

डोकं लागलं की हात वर घ्यायचा असतो. आबा घ्यायचे. मी घेतला नाही. आणि तीही निघेना.